मास्तरला काढा

बाबा, काल नातवाचे मित्र घरी आले होते. विलायतेतल्या कुठल्याशा फुटबॉल क्लबवरून त्यांचं भांडण जुंपलं होतं. क्लब सारखा हरतोय म्हणे, आणि मॅनेजरला ठेवावं की हाकलावं यावर सगळे इतक्या तावातावानं बोलत होते, जणू तो माणूस खाली चौकात उभा आहे आणि यांनी सांगितलं की चालता होणार आहे. ‘त्याला काही कळतच नाही,’ एक म्हणाला. ‘कळतं रे, पण त्याचा हट्ट नडतो,’ दुसरा म्हणाला. मी मेथी निवडत बसले होते, माझे हात थांबले. हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं आहे, पुसदला, आपल्या स्वयंपाकघरात, तव्यावर भाकर असताना. तेव्हा ते तुमच्याविषयी होतं. त्या मॅनेजरला घरी कोणी आहे का, असं पोरांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. आज सकाळपासून मात्र तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून बसले लिहायला.

आपलं स्वयंपाकघर आणि चाचांचं सायकलचं दुकान यांच्या मधे एकच टिनाचा पत्रा होता. इकडे माय फोडणी देणार, तिकडे चाचा ठसका लागून शिव्या घालणार, असा शेजार. दुकानात संध्याकाळी गावच्या फुटबॉल टीमचे सगळे दर्दी जमायचे. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवरचे हमाल, कचेरीतला एक कारकून, शाळेचा शिपाई, भाजीवाले. पंप मारायचा आवाज आणि त्यावर चढलेले त्यांचे आवाज, यातच मी मॅट्रिकपर्यंतचा अभ्यास केला. तुम्ही प्रेसवर फिटर. पोरवयात कामठीच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या मेसमधे भांडी घासायला होता, तिथं खेळ पाहिला, मग खेळलात. दीक्षा घेऊन आपण नागपूरहून आलो त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तुम्ही टीम उभी केली आणि गाव तुम्हाला मास्तर म्हणायला लागलं. पावसाळ्यात प्रेसचं आवार रिकामं असायचं. दसऱ्यानंतर कापसाच्या बैलबंड्या लागायच्या, तोवर ते आपलं मैदान. आपल्या वस्तीतले काही, प्रेसवरचे काही, शाळेतले दोघं-तिघं आणि तांड्यावरचा तो उंच, सडसडीत सेंटर फॉरवर्ड, जो माझ्या मायला ‘याडी’ म्हणायचा. बंजाऱ्यांच्या बोलीत आई. सगळे अनवाणी. काळ्या मातीच्या चिखलात बाहेरगावची पोरं घसरून पडायची आणि आपली त्यातून सुळकन निघून जायची. यवतमाळला जाऊन जिल्ह्याची ढाल जिंकून आणलीत तेव्हा टिनापलीकडून नुसतं ‘आपला मास्तर, आपला मास्तर’ चाललं होतं, आणि तुम्ही जेवताना मान खाली घालून हसत होता. तसं हसताना मी तुम्हाला पुन्हा पाहिलं नाही.

नागपूरचं खूळ त्या ढालीतून निघालं. चाचाच पहिल्यांदा म्हणाले, “जिल्हे में क्या रखा है? नागपूर चलो.” मग सगळ्या गावालाच नागपूर दिसायला लागलं. नागपूरची स्पर्धा म्हणजे मोठमोठ्या गिरण्यांच्या, पोलिसांच्या टीमा. प्रेसच्या शेठजींनी ट्रक द्यायचं कबूल केलं. पण तिकडून निरोप आला की अनवाणी टीम मैदानात घेत नाहीत. ज्यांना बूट घालून खेळता येतं त्यांनीच यावं. गाव चिडलं. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही कामठीला गेलात आणि पलटणीतले जुने, तळ बदललेले बूट पोतंभरून घेऊन आलात. त्याच पोत्यातून माझ्यासाठी काळे, बंदाचे बूट निघाले, मुलांचे. शाळेत मुली हसल्या. मी मात्र ते फाटेस्तोवर घातले.

आणि आपण हरायला लागलो. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, सवय नाही, होईल. दुसऱ्या वर्षी ढालीच्या पहिल्याच सामन्यात दारव्ह्याच्या अनवाणी पोरांनी आपल्याला लोळवलं. बुटांच्या खिळ्यांत चिखल भरायचा, पाय मणामणाचे व्हायचे, चेंडू एकीकडे नि पाय दुसरीकडे. तुम्ही म्हणायचात, अजून एक पावसाळा. लहान पोरांनाही तुम्ही पहिल्यापासून बूट घालून पळवायला लागला होता, त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचात, हे तयार होऊन राह्यले. पण दर्दी लोकांना कुठला धीर? टिनापलीकडे आधी आवाज दबून यायचे. इकडे तुम्ही जेवताय हे त्यांना ठाऊक होतं. मग ते दबणंही संपलं.

“मास्तरले काही समजत नाही बाप्पा आता.”

“समजते जी. जिद्द नडते त्याची.”

“अबे, जिकत व्हते ते पोट्टे! बूट घालून लंगडे करून टाकले त्यानं.”

“नागपूर पायजे म्हनत व्हता ना तूच? मंग?”

“नागपूर पायजे, पन हारून नाही पायजे!”

“म्यानेजर बदला. नाही तं बूट काढा.”

मास्तरचं ‘म्यानेजर’ कधी झालं ते मला कळलंच नाही. माय पोळपाट मोठ्यानं आपटायची, पलीकडच्यांना कळावं म्हणून. ते क्षणभर थांबायचे, परत सुरू. तुम्ही घास तोंडात घेऊन टिनाकडे पाहत बसायचात. उत्तर कधी दिलं नाहीत. मी एकदा न राहवून म्हटलं, “बाबा, काढून टाका ना ते बूट. एकदा जिंका, मग पाहू नागपूरचं.” तुम्ही ताट बाजूला सारलंत. माझ्यावर तुम्ही आवाज चढवलात तो त्या एकाच दिवशी. “माहा बाप,” तुम्ही म्हणालात, “गावाच्या वेशीपाशी आला का पायातला जोडा काढून हातात घे. पाटलाच्या गल्लीतून तसाच जाय. उन्हाळ्यात पाय पोये, तरी हातात जोडा. म्या पाह्यलं. आता माह्या पोट्ट्यायले कोनी म्हनून राह्यलं, बूट काढा, तुमी तसेच बरे. कायले तसेच बरे? सांग ना, शायेत जाते तं सांग.”  माय चुलीपुढे बसून होती, ती हळूच म्हणाली, “हे त्यायले सांगा ना. पोरीवर कायले वरडता?” तुम्ही म्हणालात, “हे बजारात सांगाची गोष्ट नाही.” आणि खरंच, तुम्ही ते कधीच कोणाला सांगितलं नाही.

तिसरा पावसाळा चीनच्या लढाईच्या वर्षातला. पोळा होऊन गेला होता. दिग्रसच्या टीमनं आपल्याच आवारात येऊन आपल्याला चार गोल घातले आणि लोकांनी तुमच्या अंगावर चिखलाचे गोळे फेकले. तुमचा खोकला तेव्हा वाढला होता. प्रेसमधली कापसाची धूळ छातीत बसली होती, आणि त्यात तुमचं खाणं सुटलं. अर्धी भाकर पानात राहायची. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. बसल्या बसल्या तुम्ही चटणीच्या वाट्या सरकवत डाव मांडायचात, हा बॅक इथं, हा तिथं. माय त्या वाट्या उचलून न्यायची तरी तुम्ही रिकाम्या जमिनीकडे बघत राहायचात. बातमी आली की शेठजींनी यवतमाळचा एक निवृत्त हवालदार हेरून ठेवलाय. मग रविवारी सकाळी आवारातल्या लिंबाखाली बैठक बोलावली. विषय एकच, मास्तरला ठेवायचं की काढायचं.

तुम्ही गेल्यावर माय बराच वेळ काही न करता बसली. मग उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि निघाली. मी तिच्या मागे. आवारात पुरुषच पुरुष. शेठजी खुर्चीवर, तुम्ही एका गाठोड्यावर अवघडून बसलेले. चाचा उभे राहून बोलत होते. “मास्टर, आप हीरा आदमी हो. ये टीम आपने बनाई, कोन नाही बोलता? पन टीम डुबून राह्यली ना! या तो बूट छोडो, या तो टीम छोडो.” मागून कोणी तरी ओरडलं, “आपल्या वस्तीतल्या पोट्ट्यायले भरते तो, म्हनून हारते!” चाचा गर्रकन वळले. “कोन बोलला? बुटावर बोलाचं तं बोल. वस्तीवर बोलला तं पयले तुले काढीन इथून.” तो मागे सरकला. पण तुमची मान खाली गेली ती मला दिसली. शेठजी म्हणाले, “मास्तर, तुमचं काय म्हणणं?” तुम्ही उठलात आणि खोकल्यानं तुम्हाला बोलूच दिलं नाही. सगळे वाट पाहत होते आणि तुम्ही गुडघ्यावर हात टेकून खोकत होता.

तेव्हा माय पुढे झाली. “मी बोलतो,” ती म्हणाली. कुजबुज झाली. बाईमाणसानं बैठकीत बोलायची रीत नव्हती. तुम्ही हातानं खुणावलंत, जा म्हणून. ती गेली नाही. “काढा त्यायले,” ती म्हणाली.

कोणाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“काढा म्हनतो मी. तुमी आठ दिवसापासून नुसते बोलून राह्यले, काढत काहून नाही? हा मानूस जेवत नाही. झोपत नाही. वाट्याईशी बोलते. तुमची टीम हारली तं पुढच्या साली जितन. माहा मानूस गेला तं मी कोठून आनू? हात जोडतो तुमाले. त्याच्यानं सुटत नाही, तुमी सोडवा.”

तिनं खरंच हात जोडले, शेठजींना, चाचांना, मग सगळ्या बाजूंनी वळून. काढायलाच आलेली ती माणसं, पण आता एकाच्याही तोंडून ‘काढा’ निघेना. शेठजी घड्याळ पाहायला लागले. चाचांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. शेवटी तेच म्हणाले, “ढालीची मॅच होऊ द्या. तवरी मास्टरच राहतीन.” सगळ्यांनी माना हलवल्या आणि सुटल्यासारखे पांगले. तुमची जागा वाचली ती अशी, कीव येऊन. चिखल अंगावर घेऊन तुम्ही ताठ चालत आला होतात, त्या दिवशी घरी येताना तुमचे पाय ओढत होते. दारात तुम्ही मायला म्हणालात, “तू लोकायच्या इकडून बोलली.” ती म्हणाली, “मी माह्या इकडून बोलली.” मग तुम्ही दोघंही ढालीपर्यंत एकमेकांशी बोललात ते फक्त मीठ आणि पाणी.

यवतमाळला शेठजींच्या ट्रकमधून गेलो. माय आली नाही, मी हट्टानं आले. समोर वणीची टीम, अनवाणी. रात्रभर पाऊस पडून मैदानाचं शेत झालं होतं. मला आजही ते समोर दिसतं. आपली पोरं चिखलातून पाय उपटून काढताहेत, तोवर वणीची पोरं निघून गेलेली आहेत. एक गोल होतो, मग दुसरा. मग कुठून तरी सुरू होतं, “बूट काढा!” आधी एकच आवाज, मग पलीकडची सगळी बाजू, मग आपलीही. आपल्या ट्रकमधून आलेली माणसं टाळ्यांच्या तालावर ओरडताहेत, बूट काढा, बूट काढा. मी दोरीला धरून उभी होते आणि तुमच्या पाठीकडे पाहत होते. ते शब्द तुम्हाला कसे ऐकू येत होते ते त्या सबंध मैदानात मला एकटीला माहीत होतं, आणि मला काहीच करता येत नव्हतं.

हाफटाइमला तांड्यावरचा पोरगा तुमच्यापुढे येऊन बसला. बसला काय, कोसळला. तुम्ही विचारलंत, “दुखते?” त्यानं पाय मागे ओढले. मग म्हणाला, “मास्तर, तुमी म्हनसान तं खेलतो.” तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. मग चिखलात गुडघे टेकलेत. बंदाच्या गाठी भिजून दगड झाल्या होत्या, बोटांना सुटेनात, तुम्ही वाकून दातांनी सोडवल्यात. बूट ओढून काढलात तेव्हा मोजा पायाला चिकटलेला होता, रक्तानं. तो मोजा तुम्ही पाण्यानं भिजवून भिजवून हळूहळू सोडवलात, माझ्या लहानपणी गळूवरची पट्टी सोडवायचात तसा. दुसरा पायही तसाच निघाला. मग मान वर न करता म्हणालात, “काढा. सगयेच काढा.”

लोकांनी जो जल्लोष केला तो मी जन्मात विसरणार नाही. जणू गोलच झाला. नंतर गोलही झाले. त्या फाटलेल्या पायांनी त्या पोरानं दोन घातले, तिसरा शेवटी शेवटी धक्काबुक्कीत गेला. आपण जिंकलो. दोरी तोडून माणसं आत घुसली, पोरांना उचललं, तुम्हालाही उचललं. चाचा रडत होते, “हमारा मास्टर! हमारा मास्टर!” मी तुमचा चेहरा पाहत होते. खांद्यावर घेतलेला माणूस एक तर हसतो, नाही तर मेलेला असतो. तुम्ही दोन्ही नव्हता. मिरवणूक ट्रककडे गेली आणि तुम्ही खाली उतरून परत मैदानात आलात, चिखलात पडलेले बूट एकेक उचलून पोत्यात भरायला. मी आले मदतीला. तुम्ही एवढंच म्हणालात, “धुवा लागन.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेठजींना जाऊन सांगितलंत की माझं झालं. कोणाला खरं वाटेना. संध्याकाळी चाचा पहिल्यांदाच पुढच्या दारानं आपल्याकडे आले. चहा घेईनात. “मास्टर, अब तो जीत गये. अब काहून?” तुम्ही म्हणालात, “तुमी जितले, चाचा. म्या नागपूर घालवलं.” ते म्हणाले, “हम जिल्हे में ही खेलेंगे, नाही पायजे नागपूर.” तुम्ही हसलात, पण ते हसणं चांगलं नव्हतं. म्हणालात, “तेच तं.” चाचांना समजलं नाही, वेशीपाशी हातात घेतलेला जोडा त्यांना ठाऊकच नव्हता. महिन्याभरात सरहद्दीवर लढाई पेटली आणि टिनापलीकडे तीच माणसं त्याच आवाजात सेनापतींना काढा म्हणायला लागली. फुटबॉलचं नावही कोणी काढेना. तुम्ही आता पूर्ण भाकर खात होता. मायला हवं होतं ते मिळालं होतं, पण जो माणूस तिला परत मिळाला तो कोणाशीच बोलत नव्हता, वाट्यांशीसुद्धा नाही. ती एकदा चुलीपुढे माझ्याजवळ रडली. “म्या मांगतलं व्हतं ते हे नोयतं वं,” म्हणाली.

शेठजींनी हेरलेला हवालदार आला तो दोन वर्षांनी. तोवर तुमची छाती गेली होती, प्रेसची नोकरीही सुटली होती, मी मास्तरीण होऊन घर चालवत होते. तुम्ही स्वयंपाकघरातच खाटेवर पडून असायचात, तिथं ऊब असायची म्हणून. तुम्ही बूट घालून पळवलेली ती लहान पोरं आता टीममधे आली होती. आणि टीम नागपूरला गेली, बाबा. बूट घालून गेली. पहिल्याच सामन्यात पाच गोल खाऊन परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी टिनापलीकडे सगळे जमले. चाचा नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होते. इकडे कोण पडलंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं ते तुमच्यासाठीच सगळा सामना पहिल्यापासून सांगत होते, कोणी चेंडू अडवला, कोण कुठं चुकला. बाकीचे मधेच तुटून पडत होते. “हवालदाराले काही समजत नाही.” “काढा त्याले. उद्याच काढा.”

तुम्ही डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोप लागली. मग तुम्ही कुशीवर वळलात, हात लांब करून टिनावर थाप मारलीत. पलीकडचा पंप थांबला. इतक्या वर्षांत या बाजूनं तुमचा आवाज कधी गेलाच नव्हता. तुम्ही दम गोळा केलात आणि म्हणालात, “चाचा, त्याले अजून एक साल द्या.” पलीकडे स्टूल सरकलं. मग चाचांचा आवाज आला, अगदी टिनाला तोंड लावल्यासारखा, “दिया, मास्टर. दिया.” त्यांनी दिलं की नाही ते पाहायला तुम्ही राहिला नाहीत. थंडी सरायच्या आत यवतमाळच्या दवाखान्यातच तुम्ही गेलात. हवालदाराला त्यांनी होळीला काढलं.

माय त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. तिनं त्या बैठकीविषयी एक शब्दही काढला नाही, मीही विचारलं नाही. लोक अजून कधी कधी मला तुमची मुलगी म्हणून ओळखतात, म्हणतात, मास्तर काळाच्या पुढचा माणूस होता, गावानं त्याला समजून घेतलं नाही. मी मान हलवते. भाषणात सांगायची वेळ आली तेव्हा मीही तेच सांगितलं, तुम्ही बरोबर होता म्हणून. आणि तुम्ही बरोबर होतातच.

कागद संपत आला. हा कुठे टाकायचा नाही, कोणाला दाखवायचाही नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते, जी मी आजवर कोणाजवळ बोललेली नाही. ती बैठक आज पुन्हा भरली, तुम्ही तसेच खोकत गुडघ्यांवर हात टेकून उभे असलात, आणि मला सगळं माहीत असलं, वेशीवरचा तुमचा बापही आणि पुढचं नागपूरही, तरी मी मायच्या शेजारी जाऊन उभी राहीन, बाबा, आणि म्हणेन, काढा त्यायले.